तोफ उडायच्या आधी

"हॅलो?… कोण?… हं. बोल, देवलेता."

झुम्राने फोन कानाशी धरून स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळचे पाच वाजून नऊ मिनिटं. त्राव्निक शहराच्या किल्ल्यावरची तोफ पाच एकोणीसला उडणार होती आणि रमजान लागणार होता. धाकट्या जावेचा फोन येणार हे तिला चार दिवसांपासून ठाऊक होतं. इतक्या उशिरा येईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

"नाही गं, झोपले कुठली. कॉफी पितेय… हो, दिवसाउजेडीची शेवटची. पंधरा दिवसांत पाच कपांवरून एकावर आणली… डोकं? पहिले चार दिवस फुटायची वेळ आली होती. आता काही नाही… तू नाही कमी केलीस? मग उद्या दुपारी दोन वाजता कळेल तुला… आणि एक्रेमभावजी? किती सिगारेटींवर आलेत?… वीस? मग कमी काय केल्या त्यांनी?… अच्छा, तीस होत्या… बरोबर आहे, हळूहळूच."

पलीकडे देवलेता बोलत राहिली. झुम्राने कपातला गाळ हलवून पाहिला.

"काय म्हणालीस? परत म्हण… नाही, नाही, ऐकू आलं. 'जाऊबाई' म्हणालीस. कानाला सवय राहिली नाही, म्हणून विचारलं. अकरा महिने बाजारात समोर आले की तू कोबी निरखत उभी राहायचीस… अगं, एकच कोबी. मी बघत होते ना… बरं, राहू दे. पिठाचे पापुद्रे लाटून झाले तुझे?… माझे साठ झाले, वाळलेसुद्धा. शेजारची अल्मासा आली होती हाताला हात द्यायला. पंधरा तिला दिले… तुझे राहिले? मग पहिल्या दिवशी रोजा सोडायला तो सारण भरून भाजायचा पिता कशाचा करणार तू? एक्रेमभावजींना सांग, भट्टीवरून गरम सोमून-पाव आणा आणि सुपाबरोबर खा. भट्टीसमोर आतापासून रांग आहे म्हणे."

देवलेताने सोमूनविषयी काही सांगितलं, मग बर्फाविषयी. ती कशाला आडवळण घेतेय हे झुम्राला कळत होतं. रमजानच्या तोफेआधी माणसं एकमेकांना फोन करतात, दारात जाऊन उभी राहतात, म्हणतात, 'माझ्याकडून काही चुकलं असेल तर हलाल कर.' समोरचा म्हणतो, 'हलाल.' झालं, वर्षाचं सगळं पुसलं. बहुतेकजण काय चुकलं ते विचारतही नाहीत. दोन शब्दांचं काम. त्यातला पहिला देवलेताच्या तोंडून अजून निघत नव्हता, आणि झुम्रा तिला हात द्यायला तयार नव्हती.

"हो, पडलंय बर्फ. दिसतंय मला… आवाज कसला? खिडकीचा. उघडली मी… उकडतंय."

खिडकीच्या बाहेरच्या कडेवर चार बोटं बर्फ होतं. खिडकी थेट किल्ल्याकडे उघडायची. झुम्राने लोकरीचं जाकीट गळ्यापर्यंत बंद केलं.

"बोल ना, मी ऐकतेय… हो, मी सगळ्यांना केलं हलाल. खाटकाला केलं. वासराचं म्हणून म्हातारी गाय खायला घातली होती त्याने वर्षभर. म्हटलं, जा बाबा, हलाल. वरच्या घरातल्या मूरीसाला केलं, त्याच्या कुत्र्यालासुद्धा केलं… हसू नकोस, खरंच… तू एकटी राहिलीस? असं कोण म्हणालं?… अच्छा, बायका म्हणतात. बायका काय, काहीही म्हणतात. तुला माहीतच आहे ते."

 पाच बारा.

"शुक्रवारी बुला काय म्हणाली, ते ऐकलंस ना तू? पहिल्याच रांगेत होतीस… नाही, तू सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे… हं. 'जिला घरच्याच माणसाचं हलाल नाही, तिने वाचायला पहिल्या जागेवर बसू नये.' अगदी असंच म्हणाली. कुणाकडे बघून म्हणाली?… कुणाकडेच नाही? मग तू का घाबरतेस?"

बुला म्हणजे गल्लीतल्या बायकांना कुराण शिकवणारी बाई. रमजानभर रोज दुपारी मशिदीत बायकांचं वाचन व्हायचं, रोज एक भाग. आळीपाळीने काहीजणी मोठ्याने वाचायच्या, बाकीच्या पानावरून बोट फिरवत बरोबर जायच्या. सुरुवात पहिल्या जागेवरची बाई करायची. एकोणीस वर्षं तिथे झुम्रा बसत होती. गेल्या रमजानच्या दहाव्या दिवसापासून देवलेता बसली.

"काय?… ऐकू आलं. 'हलाल कर' म्हणालीस… नाही, लगेच नाही. आधी कशाबद्दल ते सांग… हो, बाकीच्यांना नाही विचारलं. खाटकाचं मला माहीत होतं. मांस मीच शिजवलं होतं… 'जे काही असेल ते' नको, देवलेता. जे होतं ते सांग… मला वेळ आहे. तुला आहे का?"

पाच तेरा.

"बरं, मी सुरुवात करून देते. नववा रोजा. तू माझी पिताची परात परत करायला आलीस. मागच्या अंगणातून… हं. मग?… खिडकीतून काय दिसलं?… बरोबर. नळापाशी मी, आणि हातात ग्लास. साखरेचं पाणी होतं ते… हे आत्ता म्हणतेस, 'मला काय ठाऊक'. हात थरथरत होते माझे, अर्धं पाणी अंगावर सांडलं होतं. काच पुसलेली होती, तुला सगळं दिसलं… रक्तातली साखर उतरली होती, अडीचवर आली होती, जी चाराच्या खाली जाऊ द्यायची नसते. अशा वेळी रोजा सोडायचा असतो, हे तू सातवीत शिकलीस, त्याच बुलाकडे. दार वाजवून विचारलं असतंस तर तुला मला धरून खुर्चीवर बसवावं लागलं असतं. तू परात ओट्यावर… नाही, आठव, पायरीवर ठेवलीस. पायरीवर ठेवलीस आणि गेलीस."

तिचा आवाज चढला नव्हता. हे सगळं तिने अकरा महिने भांडी घासताना, लोकर विणताना, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना मनात इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता चुकायची सोय नव्हती.

"मशिदीच्या अंगणात काय सांगितलंस?… 'झुम्रा पाणी पिताना दिसली.' एवढंच?… एवढंच असतं तर मी तुला केव्हाच हलाल केलं असतं. एक शब्द राहिला… राहिला, देवलेता. अल्मासा तिथे होती… रडू नकोस, रडताना बोललेलं कळत नाही… हं. 'दररोज.' 'झुम्रा दररोज पिते, आणि तोंड पुसून पहिल्या जागेवर बसते.' किती वेळा पाहिलं होतंस तू?… मोठ्याने… एकदा. एकदा पाहिलंस आणि दररोज सांगितलंस."

पाच पंधरा. वाऱ्याने पडदा आत आला. तिने तो बाजूला खोचला.

"का सांगितलंस ते नको विचारायला. माझी जागा दिसत होती ना तुला… अगं ऐक ना. तो एक रोजा मी नोव्हेंबरात भरून काढला. गेला महिनाभर सोमवारी-गुरुवारी रोजा धरून पाहिला, साखर मोजत मोजत. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलंय, धरायला हरकत नाही. पहाटे काय खायचं तेही दिलंय. मी तयार आहे. पण गेल्या वर्षी ते एकवीस दिवस मी घरात बसून वाचलं. एकटीने. आणि बाहेर पडले की भट्टीवाला जरा जास्तच वेळ बघायचा माझ्या ओठांकडे. तोही ऐकून होता का, मला माहीत नाही. अजून माहीत नाही. कुणी विश्वास ठेवला आणि कुणी नाही, हे अकरा महिने मला एकाही चेहऱ्यावरून कळलं नाही… तू झोपायचीस ना रात्री?… बरं."

देवलेता बराच वेळ बोलली. झुम्रा मध्ये नुसतं 'हं' म्हणत होती.

"जागा मला देतेस? तुझी आहे ती द्यायला?… नको. ते बुला बघेल. तू एक कर. उद्या दुपारी वाचन सुरू व्हायच्या आधी, सगळ्या बसल्या की, उभी राहा आणि तो शब्द परत घे. अंगणात नाही. आत, सगळ्यांसमोर… सांगशील?… खरंच?"

 याची झुम्राने तयारी केली नव्हती. देवलेता नाही म्हणेल, मग आपण फोन ठेवू, असं तिने ठरवलं होतं. 'हो' आलं तर काय, याचा विचारच केला नव्हता. आता रागाला तसं काही कारण उरलं नव्हतं, आणि राग होता तसाच होता. शिवाय शुक्रवारी बुला आणखी एक गोष्ट म्हणाली होती, तीही कुणाकडे न बघता: मनात अढी ठेवून जी रोजा धरते, ती नुसती उपाशी राहते. एवढी पथ्यं, एवढी मोजमापं करून नुसतं उपाशी राहायची झुम्राची इच्छा नव्हती.

पाच अठरा.

"हो गं, हो. आहे मी… म्हणते ना. घाई कसली?… तोफ उडेल, उडू दे, ती दरवर्षी उडते… थांब, जरा खिडकीपाशी येते. इथून नीट ऐकू जातं… हो, म्हणणार आहे. तोफेच्या आधी नाहीतर तोफेबरोबर, त्यात काय मोठंसं… एक्रेमभावजींना सांग, वीसवरून एकदम शून्य करू नका म्हणावं, चिडचिड होते… अगं, म्हणतेच आहे. तू फोन कानाला नीट लाव. लावलास?… हं."

किल्ल्याच्या भिंतीवर आधी ठिणगी दिसली. झुम्राने फोन तोंडाशी धरला, आणि तोफेचा आवाज खिडकीतून आत शिरून कपाटातली भांडी वाजवत असताना एक शब्द उच्चारला. हळू नाही, पुटपुटून नाही, नेहमीच्या आवाजात, स्पष्ट, अगदी मनापासून: "हलाल."

टेकड्यांमधून आवाज फिरून परत आला. मूरीसाचा कुत्रा भुंकू लागला. मग मशिदींच्या मिनारांवरचे दिवे लागले.

"काय?… म्हटलं की… हो, म्हटलं. जे म्हणायचं ते म्हटलं… तुला नाही ऐकू आलं? मग ते तोफवाल्यांना विचार… काय म्हटलं ते परत कसं सांगू, देवलेता? ते एकदाच म्हणायचं असतं. ज्याने ऐकायचं त्याने ऐकलं… रागावले आहे का? नाही. आता नाही. तुला माझ्या आवाजावरून काय वाटतं?… नक्की नाही सांगता येत? हं. नाहीच येत ते… उद्या ये वाचनाला. ठरलंय ते सांग आणि मग बस हवी तिथे… बुलाने विचारलं, हलाल मिळालं का, तर? जे खरं ते सांग. मला माहीत नाही म्हण… ईदपर्यंत असंच राहायचं? अगं, एक महिना तर आहे. मी अकरा काढले… बरं, ठेवते. पहाटे उठायचंय. रमजान मुबारक हो, एक्रेमभावजींनाही सांग."

तिने फोन ठेवला. असं दिलेलं हलाल चालतं का, हे तिने बुलाला विचारलं नव्हतं, आणि विचारणारही नव्हती. तिने कडेवरचं बर्फ हाताने झाडलं, खिडकी लावली आणि पहाटेसाठी ओट भिजत घातले, डॉक्टरीणबाईंच्या कागदावर लिहिले होते तेवढे, चार चमचे.

फोन पुन्हा वाजला. तिने तो वाजू दिला.