व्होल्टमीटर चोरीला गेला नव्हता, याबाबत

पुरवणी जबाब. नाव व पत्ता आज दुपारच्या तक्रारीत लिहिल्याप्रमाणे. वय ४७ वर्षे, धंदा नोकरी, पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर.

मी समक्ष हजर राहून सांगते की, आज दुपारी २.२० वाजता याच टेबलासमोर बसून मी कारखान्याचा जुना व्होल्टमीटर चोरीस गेल्याची तक्रार दिली व काटेकाकांवर संशय सांगितला. काट्यांचे जुने मीटर दुरुस्त करतात म्हणून सगळे त्यांना काटेकाका म्हणतात. वय सत्तरच्या पुढे. माझ्या तक्रारीमुळे ते अजून समोरच्या बाकावर बसून आहेत. त्यांच्यावर गुन्हा दाखल होऊ नये म्हणून मी हा जबाब देत आहे.

सदर मीटर लाकडी पेटीतला असून चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. लाईन चालू आहे की बंद, हे पाहायला आमचा वायरमन तो वापरतो. वायरमन माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. काटा शून्यावर दिसला की तो तारेला हात घालतो. नवीन आकड्यांचा मीटर दिला तर म्हणतो, "ताई, हा तुझा तुलाच ठेव. मला काट्याचाच दे."

मीटर बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. माहितीपुस्तक कोणाकडेच नाही. काकांनी आमचा मीटर उघडून आतली तार न् तार रंगासकट कागदावर काढून ठेवली आहे. त्याला सहा दिवस लागले होते व मी "एवढ्यात नवा आला असता" असे त्यांना ऐकवले होते. ते हसले होते. दुरुस्ती झाली की तारीख, बिघाड आणि काय बदलले हे बारीक अक्षरात चिठ्ठीवर लिहून ते पेटीच्या झाकणाला आतून चिकटवतात. आमच्या झाकणात अशा चौदा चिठ्ठ्या होत्या. नऊ वर्षे पेटी माझ्या ताब्यात आहे. मी त्यातली एकही वाचलेली नाही.

आज १.४० वाजता मी जेवून परत आले. पेटी उचलली तर हलकी लागली. झाकण उघडले, आत मीटर नाही. कागद नेहमीसारखे चिकटलेले दिसले, त्यांकडे कोण बघतो. गेटवरचा वॉचमन म्हणाला की, काका सव्वाला आले होते व पिशवी घेऊन घाईने गेले. माझा पारा चढला. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी रिकामी पेटी घेऊन थेट ठाण्यात आले.

३.३० वाजता ओळख पटवण्यासाठी मला पुन्हा बोलावले. काकांच्या दुकानात टेबलावर आमचा धरून चार मीटर मांडलेले सापडले होते, त्यामुळे मोठी चोरी उघडकीस आली असे सगळ्यांना वाटत होते. मलाही वाटले. मला पाहताच काका बाकावरून उठले. मला वाटले, आता हातापाया पडतील. ते म्हणाले, "बाई, वायरमन कुठंय?"

मी म्हटले, "तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी?"

"लाईनवर हात घातला का त्यानं? तेवढं विचारा आधी. मघापासून सांगतोय, कोणी फोन लावून देत नाही."

फोन लावून दिला नाही हे लिहायचे नसेल तर लिहू नका, पण मी सांगितले आहे.

त्याच वेळी हवालदार पंचनाम्यासाठी पेटी तपासत होते. त्यांनी झाकणातल्या चिठ्ठ्या पहिल्यापासून मोठ्याने वाचल्या. शेवटची, पंधरावी, आजच्या तारखेची होती. "शून्यावर विश्वास ठेवू नये. माझ्याच दुरुस्तीत दोष. मीटर नेला आहे. वायरमनला लगेच सांगावे."

काकांनी सांगितले ते असे. सकाळी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा मीटर त्यांच्याकडे परत आला. त्यात त्यांनी बसवलेला रेझिस्टर, म्हणजे खडूच्या तुकड्याएवढा सुटा भाग, गरम झाला की आतून तुटत होता. तो तुटला की वीज असूनही काटा शून्यावर पडून राहतो. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी त्यांनी एका मीटरवरून बाकीच्यांची केली. कोणता भाग कोणत्या पाकिटातून कोणत्या मीटरमध्ये गेला, हे त्यांच्या वहीत असते. त्याच पाकिटातले आणखी तीन बाहेर होते. वहीत "कोणाच्या हातात असतो" असाही एक रकाना आहे. आमच्यापुढे लिहिले होते, "वायरमन, उघड्या लाईनवर". म्हणून ते सगळ्यांआधी आमच्याकडे आले. स्टोअरला दोनदा फोन केला, मी जेवायला गेले होते. चिठ्ठी लावली म्हणजे सांगितलेच, असे धरून ते पुढच्या दोन ठिकाणी धावले. ही त्यांची चूक. चिठ्ठी वाचायची असते हे मला माहीत नव्हते, ही माझी.

मी भावाला फोन लावत होते तोच ४.१० वाजता त्याचा आला. मीटर नाही म्हणून तीन वाजताचे काम त्याने अडवून धरले होते, सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या होत्या व शेजारच्या कारखान्यातून मीटर मागून आणला होता. म्हणाला, "ताई, मेन स्विच पाडलेला, तरी काटा सरळ वर गेला गं. पलीकडच्या शेडमधून एक जुनी लाईन येत होती. कुठल्याच नकाशात नाही ती."

मी काकांना सांगितले. ते खाली बसले. त्यांनी पाणी मागितले व साहेबांना म्हणाले, "माझी चूक नीट लिहून घ्या. भाग थंड असताना तपासले, तापवून तपासले नाहीत." त्यांच्या सांगण्यावरून हे लिहिले आहे. मी एवढेच सांगते की, स्वतःची चूक शोधायला भर उन्हात सायकल मारत निघालेला माणूस मी पाहिला नव्हता. आज पाहिला, आणि त्याला धरून आणायला लावले. माझी त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. दुपारचाही असाच वाचून दाखवला होता, व तो बरोबर आहे म्हणून मी खाली सही केली होती. तो बरोबर नव्हता. हा आहे.