राणीचं पान

टेंभुर्णीची एसटी अजून लागली नव्हती. रांगेत महिपतीच्या मागं हरिदास मास्तर आणि विडी कारखान्यातली मनकर्णाबाई बोलत होते.

"घ्या तुमची वही, मास्तर. दगडातनं तलवार उपसणाऱ्या त्या इंग्रजी राजाची. वाचून दावली सगळ्यास्नी."

"राजाची गोष्ट जुनीच, पण राणीचं पुढचं मी रचलंय. ते कसं वाटलं बायकांना?"

"कुणी काय बोललं न्हाय."

"आणि पानापानावर ही तंबाखू?"

"वही तंबाखूच्या सुपातच ठेवते की. वाचता वाचता विड्या बी वळायच्या असत्यात."

मास्तर पानं झटकत राहिले. मग थांबले.

"राणी राजवाडा सोडून निघते, तेवढं पान स्वच्छ कसं?"

महिपतीनं न राहवून मागं बघितलं.

"तितं कुणाचाच हात चालला न्हाय, मास्तर."