सव्वीस

मासे आणि टाक्यांच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा उभे होते. काउंटरपलीकडे दुकानाच्या मालकीणबाई.

"समुद्री टाकीसाठी हीटर हवाय. भरवशाचा."

"केवढी टाकी आहे, काका?"

"दोनशे लिटरची. प्रवाळांची."

"मग एकच मोठा नका घेऊ. शंभर वॉटचे दोन घ्या. एखादा अडकून चालूच राहिला, तरी एकट्याच्याने पाणी फार तापत नाही. वर कंट्रोलर लावा, म्हणजे पाणी तापलं की तो दोन्ही बंद करेल. आधीचा बिघडला का?"

"नाही हो. हीटर ठीक होता, कंट्रोलरही ठीक होता. पाणी बदलताना मी त्याची तापमान मोजायची वायर बाहेर काढली, ती परत आत सोडायची राहिली. दिवसभर गार फरशीवर पडली होती. त्याला वाटलं, पाणीच थंड आहे. तापवत बसला. रागाच्या भरात दोन्ही कचऱ्यात टाकले मी."

"अरेरे. घरी कोणी नव्हतं?"

"हॉस्पिटलात होतो, बायकोपाशी. टाकी तिचीच आहे. बारा वर्षं जपली तिने. आता तिकडून रोज फोनवर आधी तेच विचारते, पाणी किती डिग्री आहे? मी सांगतो, सव्वीस."

"काका, वाचलं काय काय?"

"दोन हीटर आणि एक कंट्रोलर द्या. आणि त्याची वायर काचेला घट्ट बसेल असं काहीतरी द्या."

"अहो, पण टाकीत आता…"

"पाणी आहे ना. निदान सव्वीस तरी खरं सांगेन."