वारा लागू नये म्हणून

नाही हो भार्गवीताई, टाइल्स सगळ्यात शेवटी. दुकानवाले तुम्हाला आधी टाइल्सच दाखवणार — निळ्या, फुलाफुलांच्या, हात फिरवून बघा म्हणणार — आणि आपण हुरळणार. आधी छप्पर, मग खिडक्या, मग वायरी. हे माझं नाही हं, ह्यांचं म्हणणं, जयेशचं. मी सातवी शिकलेली बाई, मला काय कळतंय — पण ह्या घराचं काम चाललं होतं तेव्हा मी इथंच होते, आधी पोट घेऊन, मग पोर घेऊन, म्हणून बघून बघून कळलं. बसा ना. तुम्ही तर पोटुशा, उभ्या काय राहताय? गणपतीत भेटलात तेव्हाच म्हटलं होतं, जुनं घर घेताय तर आधी आमचं बघून जा. चहा टाकते. हे आणि आत्या पोराला घेऊन ब्लँचर्डस्टाउनच्या मॉलमध्ये गेलेत, येतील इतक्यात. आत्या म्हणजे माझी सासूच. वडलांची सख्खी बहीण, लग्नाआधीपासून आत्या म्हणते, ते तसंच राहिलं.

आता हा ओटा बघा. सॉकेट किती दिसतात? जितके वाटतात त्याच्या दुप्पट सांगा. आमचा बिल्डर — त्याचं नाव आम्हाला धड घेता येत नाही, इथले लोक कुणालाही ‘युअर मॅन’ म्हणतात ना, तसं आम्ही घरात त्याला युअर मॅनच म्हणतो — तो म्हणाला दोन पुरे. दोन! किटली एक आणि टोस्टर एक, झालं त्यांचं स्वयंपाकघर. मी म्हटलं मिक्सर कुठं लावू, तुझ्या डोक्यावर? मराठीत म्हटलं, तो हसला, ग्रँड म्हणाला. त्याला सगळंच ग्रँड, म्हणजे झकास. छप्पर गळतंय — ग्रँड. पण माणूस चांगला, खोटं नाही बोलणार. दोनदोनदा येऊन समजावून जायचा. आणि शेगडीवरचा पंखा नीट विचारून घ्या, वाफ भिंतीतून बाहेर टाकतो की नुसती गाळून परत आपल्याच तोंडावर सोडतो. इथं तसलेही असतात. एकदा फोडणी दिलीत की आठ दिवस सोफ्याला वास.

बाथरूमचं तर विचारूच नका. इथं बाथरूमच्या जमिनीत पाणी जायला जाळीच नसते. आपल्याला ते सुचतच नाही हो, आपण धरूनच चालतो, की जाळी असणारच. आत्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वर बाथरूम धुवायला काढलं. बादली ओतली, खराटा घेतला — आणि खाली मी पोळ्या लाटतेय, तर टप टप परातीत. वर बघते तर छताला फुगा आलेला. आत्या वरनं ओरडतायत, अगं पाणी जातंय कुठं? म्हटलं, कणकेत! हसलो खूप. हे नव्हते हसले. त्यांनी स्वतः रंगवलेलं ना ते छत. सुट्टी म्हणून घेतली नाही ह्या माणसानं. आठवडाभर चिप बनवायच्या प्लँटमध्ये — खायच्या नाही हो, कॉम्प्युटरच्या — आणि शनिवार-रविवार इथं, घासकाम, रंगकाम. प्रत्येक भिंतीवर त्यांचा हात फिरलाय. म्हणून तुम्ही जाळी आधी सांगा. करतात, थोडी कुरकुर करतात, पण करतात.

कपडे? कपडे घरात रेडिएटरवर नका घालू वाळत. मी घालायचे. लंगोट, दुपटी, सगळं. ह्या हॉट प्रेसमध्ये, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, थोडे वाळतात, बाकीच्यांना मशीन घ्या. नाहीतर ते पाणी जातं कुठं? खोलीतच. कुठंतरी जाऊन बसतंच ते.

काय? ते? ते वर, भिंतीत? ते व्हेंट. जुन्या घरांतनं असतं खोल्याखोल्यांत, बाहेरच्या भिंतीला आरपार भोक, तोंडाला जाळी. हो, येतो ना वारा, थंडीत तर सुया टोचल्यासारखा येतो. तुमच्या आई बाळंतपणाला येणार ना, त्या आल्या आल्या पहिलं बोट त्याच्याकडंच करतील बघा — हे बुजवा म्हणतील, बाळंतिणीच्या खोलीत — काय म्हणालात? तुम्ही आधीच बुजवून घेणार?

नाही. ताई, नाही. तेवढं करू नका. टाइल्स आधी लावा हवं तर, सॉकेट एकच ठेवा, पण त्याला हात लावू नका.

आवाज चढला का माझा? चढला. राग मानू नका, चहा घ्या. साखर बरोबर आहे? अहो, त्याचं कसं आहे, आपण चार माणसं झोपेत श्वास सोडतो, भात शिजवतो, आंघोळी करतो, त्याची सगळी वाफ. आधी ती जुन्या खिडक्यांच्या फटींतनं निघून जायची. आपण नवीन बसवल्या, घट्ट, फट नाही कुठं. मग राहिलं काय? हे एवढं भोक राहिलं. तेही बुजवलं तर पाणी भिंतीला धरतं, आणि मग भिंतीला काळं येतं. बारीक ठिपके येतात आधी, मोहरी सांडल्यासारखे. मग ते एकमेकांना मिळतात. आणि वास — ओल्या चादरीचा.

मला कसं माहीत म्हणजे? माहीत आहे.

वरची खोली नका बघू आज. पसारा आहे, बॅगा भरायच्यात. आत्या निघाल्यात ना शनिवारी, कराडला. आणि इंद्रनील. हो, पोरगा माझा. अडीच वर्षांचा. आत्यांबरोबर. नाही, फिरायला नाही. राहायला. शाळेचं वय होईपर्यंत म्हणतायत, मग बघू म्हणतायत. त्याला इथली हवा मानवत नाही. छाती भरते. दोनदा हॉस्पिटलात ठेवला ह्या थंडीत. नाकातोंडावर तो प्लास्टिकचा मुखवटा लावून औषधाचा पंप द्यायचा, सकाळ-संध्याकाळ. आधी रडायचा, आता स्वतःच घेऊन येतो, आधी बाहुलीला लावतो, मग स्वतःला. आणि इथले सगळे त्याला नील म्हणतात, त्यांच्याकडं पण तसंच नाव असतं ना — क्रेशमधली, पाळणाघरातली बाई विचारते, हाउ आर यू, नील? छाती शिट्टी वाजवतेय आणि हा म्हणतो, ग्रँड. आय ॲम ग्रँड. ती हसते. मीही हसते, काय करू?

ह्यांचा जीव आहे त्याच्यात. पाठवायचं ठरवलं त्या दिवशी जेवले नाहीत. पण म्हणाले, तिकडं ऊन आहे, मोकळी हवा आहे, आई बघेल, पोर जगलं वाचलं पाहिजे. असं म्हणाले. मी काय म्हणणार?

डॉक्टरांनी विचारलं होतं ना. घरात ओल आहे का, बुरशी आहे का? तेवढं इंग्रजी कळतं मला. हे छाती पुढं काढून म्हणाले, नाही डॉक्टर, सगळं नवीन आहे, मी स्वतः उभं राहून केलंय. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी पोराचे मोजे वर ओढत बसले. नीटच होते मोजे.

हो. त्याच खोलीत. कपाटामागं.

मीच बुजवलं, ताई. नील झाला तेव्हा. मला आई नाही, आत्यांचा व्हिसा आला नव्हता, फोनवरच्या आवाजावर बाळंतपण काढलं मी. आत्या सांगायच्या, कान बांध, डोकं बांध, त्याला वारा लागू देऊ नको, पोरीबाळींचं ऐकू नको. त्यांना काय माहीत इथं भिंतीला भोक असतं म्हणून? त्यांनी पोराचे कान बांध म्हटलं, मी भिंतीचेसुद्धा बांधले. जुन्या साडीचे बोळे कोंबले, वर थर्माकोल, वर चिकटपट्टी, आणि कपाट ओढलं त्याच्यापुढं, छतापर्यंत उंच आहे ते. बाहेरनं बघितलं तर जाळी दिसते, आतनं कपाट दिसतं. ह्यांना वाटतंय मागं मोकळंच आहे. आणि त्या तसल्या खोलीत मी धुरी दिली पोराला, ओव्याची, वेखंडाची, दार लावून. अलार्म बोंबलला तेव्हा शेजारची म्हातारी धावत आली होती. मी तिलाही दार उघडलं नाही, म्हटलं वारा येईल.

काळं दिसलं तेव्हा हात घालून पुसलं. ब्लीचनं. हे शिफ्टला गेले की पुसायचं, ते यायच्या आत खिडकी उघडायची, वास जाऊ द्यायचा, परत लावायची. मला वाटलं धूळ धरते. खरंच वाटलं होतं. इंद्रनीलची शपथ — नको, त्याची नको.

मागच्या महिन्यात कळलं. हे ट्रेनिंगला कॉर्कला गेले होते, म्हणून आम्ही ब्युमॉन्टला, आमच्या ओळखीच्या लताताईंकडं राहायला गेलो. त्यांच्या खोलीत हे भोक उघडंच, माझ्या डोक्यावरच. मी टोपी घालून झोपले, मनात म्हटलं, काय बाई घर आहे. आणि मग मला जाग आली आणि पोराचा आवाजच नाही. छातीची शिट्टी नाही, काही नाही. मी घाबरून त्याच्या छातीवर हात ठेवला. तर झोपला होता. नुसता झोपला होता हो, पोरं झोपतात तसा. होतो तोवर रोज तसाच. घरी आलो, दुसऱ्या रात्री पंप.

मग काढत का नाही? रोज म्हणते आज काढते. आत्या त्याच खोलीत झोपतात, त्यांच्यासमोर कसं काढू? हे कारण आहे का? नाही, कारण नाही. दुपारी असतात की त्या खाली. खरं सांगू? कधी कधी वाटतं, असेलही हवाच. डॉक्टर कुठं ठामपणे म्हणाले? लताताईंकडं योगायोगानं झोपला असेल. असं स्वतःला सांगते आणि भाजी चिरते. सगळं घर त्यांनी केलं, येईल त्याला दाखवतात, ही भिंत अशी होती, तो जिना तसा होता. ह्या अख्ख्या घरात माझ्या हातानं केलेलं काम एवढंच. त्यांनी मला आजवर एकदाही अडाणी म्हटलं नाही हो. त्यांच्या मित्रांच्या बायका तुमच्यासारख्या, ग्रँड कॅनाल डॉकला ऑफिसात जाणाऱ्या, तरी कधी नाही म्हटलं. आता म्हणतील. म्हणू देत, त्याचं काही नाही. पण नंतर माझ्याकडं पोर देताना हात आखडता घेतील, ते — ते कसं बघू मी?

तुम्ही सांगाल त्यांना? तुमचं ऐकतील, तुम्ही शिकलेल्या. सहज म्हणा, वर बघायला गेले तर कपाटामागं वास आला, जरा बघून घ्या. मी केलं असं नाही म्हणायचं. म्हणा, कामाच्या वेळी युअर मॅननंच चुकून —

नाही. बरोबर आहे तुमचं, तसं बघू नका माझ्याकडं. त्याचं नाव कशाला घ्यायचं? त्यानं तर येऊन खुणा करून करून सांगितलं होतं, हे उघडं ठेव म्हणून. मी मान डोलवली होती.

गाडी आली. नाही, त्यांचीच आहे. ऐकलात? दार उघडायच्या आधी त्याचा खोकला आत येतो.

तुम्ही निघा, ताई. नको, बसू नका आता, कप राहू द्या तिथंच. घराचं काही विचारायचं असेल तर पुढच्या आठवड्यात फोन करा. पुढच्या दारानंच जा, त्यांना भेटून जा, पण थांबू नका. जा.

अहो. आत्या, तुम्ही नीलला घेऊन इथं खाली बसा जरा. अहो, तुम्ही वर चला माझ्याबरोबर. नाही, आत्ताच. ते कपाट पुढं ओढायचंय.