लिफ्टची किल्ली

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक लिफ्ट मेकॅनिक आणि त्याचा मेव्हणा बसले होते.

“दाजी, किल्ली खिशात होती, तरी दार उघडलं नाहीत?”

“साहेबांची परवानगी फोनवर आल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, असा नियम आहे.”

“अहो, आत म्हातारी अडकली होती ना!”

“हाका मारत होती. नंतर हाकाही थांबल्या.”

“किती वेळ?”

“चाळीस मिनिटं. साहेब मीटिंगमध्ये होते.”

“वीस वर्षं हेच काम करताय. स्वतःचं डोकं नाही का चालवायचं?”

“साहेबांनी मेमोत अगदी हेच लिहिलंय. हा माझा दुसरा मेमो.”

“पहिला कशाबद्दल?”

“न विचारता दार उघडलं म्हणून. तेव्हा आत अडकलेला माणूस मात्र चालत घरी गेला होता.”