मांडवाविना धवला

(पोशीर, १९७९. ठकूबाईची पडवी. ओट्यावर सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर. शेजारी पाटावर हळदीनं माखलेल्या दोन चिंध्यांच्या बाहुल्या.)

गुरुजी : ...तुमचा आवाज असा यायचा मावशी, की ओहोळापलीकडं आमच्या वस्तीत चुलीपुढं बसलेली माझी आई भाकरी थापायची थांबायची. म्हणायची, ऐक रं सहदेवा, धवलारीण लग्नाचा धवला गात नवरीला हळद लावतेय. मी तेव्हा आठ वर्षांचा.

ठकूबाई : मग मांडवात येऊन ऐकायचं.

गुरुजी : आम्हाला कुठं येता यायचं तेव्हा मांडवात?

ठकूबाई : व्हय. नव्हतं येता येत. चाय घ्या, निवतोय.

गुरुजी : चहा घेतो, पण मावशी, आज चौथ्यांदा आलोय. हा टेप उद्या दुपारी कर्जतला केंद्रावर परत द्यायचाय. महिन्याच्या बोलीवर मिळालाय.

ठकूबाई : द्या की. ज्याचं त्याला द्यावं.

गुरुजी : आणि चौथीच्या पोरांनी महिनाभर केलंय त्याचं काय? जिजा, सांग तुझ्या आजीला.

जिजा : कितींदा सांगू? आजी, फुटक्या तसबिरींच्या काचा आमी गोळा केल्या. त्यांच्यावर लगीन रंगवलं. माझी हळदीची, धाऊची करवल्यांची, मालोजीची वाजंत्र्यांची. गुरुजी खिडकीभायेर आरसा धरतात, ऊन भिंगातनं आत येतं. वर्ग अंधारा करायचा नि काच धरायची. भिंतीवर चित्र ह्ये एवढं. नवरीचं नाकच माझ्याएवढं.

ठकूबाई : एवढ्या नाकाच्या पोरीला नवरा कोण देईल गं?

जिजा : आन चित्र चालू असताना टेपवर तुजा धवला वाजणार. तोच नाय. काल तालमीला मालोजीनं तोंडानं पिपाणी वाजवली, सगळी पोरं हसत बसली.

ठकूबाई : मग पिपाणीच वाजवा. माझ्या सासूची आण हाय, लगीन नसताना धवला म्हणू नये.

गुरुजी : म्हणून तर लग्नच घेऊन आलोय. ही नवरी, हा नवरदेव. हळद खरी आहे, धाऊच्या आईनं कुटून दिली. वऱ्हाड चौथीचा अख्खा वर्ग.

ठकूबाई : ही नवरी? हिचा तर पाय उसवलाय.

जिजा : लगीन झाल्यावर शिवू.

ठकूबाई : लगीन झाल्यावर कोण शिवतंय गं बाईचा पाय.

गुरुजी : हसलात. म्हणजे लावू टेप?

ठकूबाई : थांबा वाईच. तुमी शिकलेली माणसं, मला सांगा. बटण दाबलं की धवला. परत दाबलं की परत धवला. दर टायमाला कुणाचं लगीन लागतंय?

गुरुजी : कुणाचंच नाही.

ठकूबाई : मंग? नवरी नाय, नवरा नाय, आन धवला आपला चाललाय. भुताची वरात म्हणायची ती.

जिजा : भूत नाय आजी. परवा आईचं जातं भरलं आमी टेपात. घर्र घर्र. मधी ती खोकलली, तेपण आलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी आलं.

ठकूबाई : खोकलापण धरतं?

जिजा : समदं धरतं. श्वासपण.

ठकूबाई : मग तर नकोच बाई.

गुरुजी : मावशी, दमलो हो मी. सव्वीस वर्षं खडू घासतोय. पोरं डोंगरातल्या वाड्यांवरनं दोन-दोन कोस चालत येतात नि फळ्याकडं बघता बघता पेंगतात. त्यांना मारावंसं वाटत नाही, उठवावंसंही वाटत नाही. ह्या महिन्यात पहिल्यांदा हजेरी पुरी भरतेय. चांगो भात झोडायचं सोडून येतो. उद्या सकाळी त्यांचे आईबाप बघायला येणार. तिथं चित्रं मुकीच दाखवली, तर पोरं म्हणतील, गुरुजींनी हेपण अर्ध्यात टाकलं.

ठकूबाई : तुमाला का म्हणतील? ठकूबाईला म्हणतील.

गुरुजी : तुमचं नाव नाही घेणार मी. मीच म्हणेन धवला.

ठकूबाई : तुमी?

गुरुजी : हलद गं उगवली डोंगराच्या पाठी, आयेची भरली गं हिरवी ओटी...

ठकूबाई : हाजरी घेताय का काय? आन चुकलं. लेक चाललीय घरातनं, ओटी भरंल कशी? आयेची रिती झाली भरलेली ओटी. तिथं आवाज खाली घ्यायचा. नवरीच्या आयेला रडायला जागा द्यायची. ती रडली की मंग पुढची वळ.

गुरुजी : हे कुठल्या पुस्तकात आहे, मावशी? तुमच्यामागं पोरांना कोण सांगणार हे?

ठकूबाई : मी सांगते ना. उद्या उजाडायच्या आत चार पोरी पाठवा. मी बोलते, त्या म्हणतील. त्यांचा आवाज भरा तुमच्या टेपात.

जिजा : मग आजी, आण?

ठकूबाई : जिजे, ही नवरी घे आन जा आत. तुझ्या आईकडनं सुई घे, पाय शिव तिचा.

जिजा : लग्नाआधी?

ठकूबाई : लग्नाआधीच. जा. दार वडून घे.

गुरुजी : पोरगी बरोबर बोलली. पोरींनी म्हटलं तर आण मोडत नाही, तुम्ही म्हटलं तर मोडते?

ठकूबाई : पोरी खेळतात. खेळाला आण नसती.

गुरुजी : मग तुम्हीपण खेळा एकदा त्यांच्यात. पोरींचे आवाज मी रोजच ऐकतो मावशी. मला तुमचा हवाय. वैशाखात गोमाच्या लेकीच्या हळदीला ऐकला की. अगदी पुढं बसलो होतो मी.

ठकूबाई : मांडवात?

गुरुजी : मांडवात. गोमानं हाताला धरून नेऊन बसवलं. तुमच्यापासून चार हातांवर. वाटलं, एवढ्या वर्षांत ह्या गळ्याला काही म्हणून झालं नाही.

ठकूबाई : चार हातांवर व्हता, तरी कळलं नाय?

गुरुजी : काय कळायचं?

ठकूबाई : बरं झालं. माणसांना नाय कळत ते. ह्या मेल्याला कळंल.

गुरुजी : हा बंद आहे मावशी. बघा, सेलपण काढले. बोला.

ठकूबाई : दोन सालं झाली, सहदेवा. गळ्यातनं नुसती हवा येती. धवला मागच्या बाया म्हणतात. मी पुढं बसून ओठ हलवते.