उघडं दार

पुण्याच्या त्या चर्चच्या पाळकांचा राग माझ्या डोक्यातून अजून जात न्हाई बघा. भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. आई रोज सकाळी उंबऱ्यात, दार सताड उघडं ठेवून प्रार्थनेला बसायची. लातूरला आमच्याकडे मुक्कामाला आलेले हे साहेब तिलाच शिकवाय लागले, “बाई, देवासोबतचा एकांत दार लावूनच होतो.”

आई म्हणाली, “तुम्ही लावा. मी इथंच बसते.”

लावलं की! आतल्या खोलीत कडी घालून बसले, अन् जमीन पुन्हा हलली. कडी निघंना, नुसती बोंबाबोंब. मीच लाथा घालून दार फोडलं.

बाहेर येऊन माझ्यावरच खेकसले, “कडी तरी धड बसवायची!”

आई डोळे मिटूनच म्हणाली, “भूकंपाच्या राती माझी बहीण कडी लावूनच झोपली होती, साहेब. तिचं दार फोडायला कुणी उरलं नव्हतं.”